टोळ आपणच असतो

मी एका हॉटेलला एक स्टार दिला होता. त्या हॉटेलात तोपर्यंत मी चहासुद्धा प्यायलो नव्हतो.

हॉटेल आमच्या सोमाटणे फाट्यावरचं. घरापासून गाडीवर पाच मिनिटं. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथली एक रील फिरली. वीसेक सेकंदांची. बाहेर मावळातला पाऊस कोसळतोय, आत पार्सल न्यायला आलेला एक पोरगा निथळत्या रेनकोटात उभा आहे, आणि मालक त्याच्यावर ओरडतोय, "बाहेर थांब, बाहेर! गिऱ्हाईक बसलंय, दिसत नाय का?" वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘सोमाटणे फाट्यावरचा माज’. संध्याकाळपर्यंत ती रील मला चार ग्रुपवर आली. एका ग्रुपवर कुणीतरी हॉटेलच्या मॅपची लिंक टाकली आणि खाली एकच शब्द लिहिला, "वाजवा."

मी वाजवलं. हिंजवडीहून परत येताना कंपनीच्या बसमध्ये बसून लिहिलं, "माणुसकी शून्य. चवही शून्य." चवीचं कशाच्या जोरावर लिहिलं, हे मला आजही सांगता येणार नाही. बऱ्याच जणांना माझा रिव्ह्यू ‘उपयुक्त’ वाटला. मला बरं वाटलं. रात्री जेवून झोपलो.

एक गोष्ट आधीच सांगतो. ती रील खोटी नव्हती. नंतर कुठला ‘पूर्ण व्हिडिओ’ आला नाही, मालक बिचारा निर्दोष निघाला असंही झालं नाही. तो चुकलाच होता. निर्दोष माणसावर झुंड तुटून पडली की ते वाईट, हे शाळेतलं पोरही सांगेल. प्रश्न चुकलेल्या माणसाचा आहे. चुकलेल्या माणसाचं आपण काय करतो आणि त्याला काय म्हणतो, त्यावर मला भांडायचं आहे.

त्यांची धाड, आपली शाळा

आम्ही जे केलं त्याला मराठीत एक चपखल शब्द आहे, ‘ट्रोलधाड’. टोळधाडीवरून केलेला. ऐकताक्षणी कळतो, हसूही येतं.

‘ट्रोल’ इंग्रजीतून आला तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता. होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत मासे पकडण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘ट्रोलिंग’ म्हणतात. १९९०च्या दशकात इंटरनेटवरच्या चर्चागटांमध्ये मुद्दाम चिथावणारं काहीतरी टाकून लोकांना गळाला लावणाऱ्याला ‘ट्रोल’ म्हणायला लागले. म्हणजे ट्रोल एकटा असायचा आणि चिडणारे अनेक. मराठीत आपण हे बरोबर उलटं केलं. ‘अमुक अभिनेत्री ट्रोल झाली’ म्हणजे ती एकटी आणि तिच्यावर तुटून पडणारे हजारो. गळ टाकणाऱ्याचा शब्द आपण झुंडीला दिला.

वर्तमानपत्रांनी ट्रोलला ‘जल्पक’ असा प्रतिशब्दही काढला. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य शोधायला करतात तो वाद. काहीही करून जिंकायला करतात तो जल्प. स्वतःची बाजूच नसते, फक्त समोरच्याची खोडायची असते, ती वितंडा. पण जल्पातही समोरच्याला बोलायची पाळी मिळते. आमच्या हॉटेलवाल्याला कुठे मिळाली होती? जल्पक म्हणणं हा आमचा सन्मानच झाला.

खरी गंमत क्रियापदांत आहे. समोरच्या गटाने केलं की ती ‘ट्रोलधाड’, ‘टोळी’, ‘आयटी सेल’. तेच आपण केलं की काय म्हणतो बघा : धुतला, सोलला, वाजवला, उतरवली, शाळा घेतली, इज्जत काढली. बातम्यांत छापून येतं, ‘नेटकऱ्यांनी घेतला समाचार’. शेतकरी, वारकरी, गावकरी, तसे नेटकरी. कष्टाळू, भोळे, संतापलेले. तीच कृती, तेवढीच माणसं, तशीच भाषा. त्यांची ती धाड आणि आपली ती शाळा.

आणि ‘धाड’ हा शब्द तरी बघा. धाड दरोडेखोरांची असते, आयकर खात्याची असते, टोळांची असते. ती नेहमी बाहेरून येते. आपल्या अंगात येते तेव्हासुद्धा ती आपली नसते, ‘तुला काय धाड भरलीय?’ असंच विचारतात. ट्रोलधाड म्हटलं की ढगफुटीसारखं वाटतं : आली, गेली, नुकसान करून गेली, कुणीच केली नाही. माझी तक्रार ही आहे. या शब्दात करणाऱ्याला लपायला जागा आहे.

नाकतोडा

गंमत म्हणजे शब्दाचा दुसरा अर्धा भाग, टोळ, तो मात्र आपल्याला चपखल बसतो. फक्त टोळ म्हणजे काय ते नीट माहीत पाहिजे.

मे २०२०मध्ये टोळधाड विदर्भात आली होती. अमरावती, वर्धा, नागपूर. लोक शेतात डबे वाजवत होते, अग्निशमनच्या गाड्यांनी फवारणी चालली होती. तेव्हा लॉकडाऊनमध्ये घरी बसून मी टोळांबद्दल बरंच वाचलं. वाळवंटी टोळ ही मुळात कुठली राक्षसी जात नाही. तो एरवी साधा, एकटा राहणारा नाकतोडा असतो. दुसरा नाकतोडा दिसला तर हा लांब जातो. पण चारा कमी आणि दाटी जास्त झाली की ते एकमेकांना घासायला लागतात. मागच्या पायांना असा स्पर्श होत राहिला की काही तासांत त्यांचं वागणं पालटतं. मज्जासंस्थेतलं सेरोटोनिन वाढतं, आणि जो लांब पळत होता तो आता गर्दीकडे ओढला जातो. २००९मध्ये संशोधकांनी हे प्रयोगातून दाखवून दिलं. रंग नंतर बदलतो, पंखांची लांबी नंतर बदलते. आधी बदलतं ते वागणं.

सुमारे चार कोटी टोळांचा थवा, म्हणजे एक चौरस किलोमीटरचा छोटासा थवा, दिवसाला ३५ हजार माणसांइतकं अन्न खातो, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. एक टोळ मात्र दिवसाला जेमतेम दोन ग्रॅम खातो. टोळाला विचारलं तर तो म्हणेल, मी फक्त दोन ग्रॅम खाल्लं हो.

आणखी एक गोष्ट. टोळांची पिल्लं झुंडीने पुढे पुढे चालतात ती काही ध्येयाने पेटून नव्हे. थांबलं तर मागचं पिल्लू चावतं, हेही त्यामागचं एक कारण आहे. आमच्या ग्रुपवर त्या रात्री साडेनऊला मेसेज आला होता, "कोणी कोणी नाही दिला अजून? स्क्रीनशॉट टाका."

‘मी तर एकच कमेंट केली’

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे डीडॉस नावाचा हल्ला असतो. हजारो ठिकाणांहून एकाच सर्व्हरवर एकाच वेळी रिक्वेस्ट पाठवायच्या. त्यातली एकेक रिक्वेस्ट अनेकदा अगदी साधी असते. सुटी काढून पाहिली तर तिच्यात चोरी नाही, व्हायरस नाही, काही नाही. ती फक्त म्हणते, ‘हे पान दाखव.’ सर्व्हर मरतो तो सगळ्या एकदम आल्यामुळे. म्हणून तपासताना आम्ही एकेक रिक्वेस्ट सज्जन आहे का एवढंच बघत नाही, वेग बघतो.

‘मी तर शिवी दिली नाही, फक्त मत मांडलं,’ असं म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. पहिली कमेंट ही टीका असते. दहावीसुद्धा असेल. चारशेवी टीका नसते, कारण तिच्यात माहिती शून्य असते. समोरच्याला आपण चुकलो हे तोवर तीनशे नव्व्याण्णव वेळा कळलेलं असतं. चारशेवी कमेंट त्याच्यासाठी नसतेच, ती ग्रुपमधल्या स्क्रीनशॉटसाठी असते.

रिव्ह्यूचा हिशोब तर सातवीच्या गणिताचा. समजा एका हॉटेलला १४० रिव्ह्यू आहेत, सरासरी ४.३. त्यात ३०० जणांनी एकेक स्टार टाकला की सरासरी होते २.०५. चार-पाच वर्षांत जमवलेलं एका रात्रीत गेलं. आणि त्या ३०० जणांपैकी प्रत्येकाने फक्त एकदाच टिचकी मारलेली असते.

भुशी, कुंडमळा

इतकं करून मालक चुकला तरी होता. आमच्याच तालुक्यात झुंड मेलेल्यांवरही पडते.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात लहान मुलं. पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे असलेले ते लोक आणि मग ते उभे नाहीत, हा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी त्याच्या खालच्या कमेंट वाचल्या होत्या. ‘अक्कल गहाण ठेवून येतात.’ ‘बरं झालं.’ ‘यांना हेच पाहिजे.’ आडनाव कळल्यावर आणखी वेगळ्या कमेंट आल्या, त्या इथे लिहिणार नाही.

१५ जून २०२५, पुन्हा रविवार. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला. इथून जवळच. चार जण गेले, कित्येक जखमी झाले. पुन्हा तेच : ‘शहरातून येतात, घाण करतात, मरतात.’ पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं, नव्या पुलाचं काम कागदावर होतं. तो कागद कुठे अडला, कुणाच्या टेबलावर, हा प्रश्न विचारायला चारशे माणसं जमली असती तर उपयोग होता. पण कागद शोधायला वेळ लागतो, आणि मेलेला माणूस स्क्रीनवर समोरच असतो.

झुंडीचं हे एक लक्षण मी धरून ठेवलंय. ती जबाबदार माणूस शोधत नाही. हाताशी असलेला माणूस शोधते.

स्क्रीनवरची झुंड आणि रस्त्यावरची झुंड यांत फार अंतर नाही, हेही महाराष्ट्राने पाहिलंय. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्या अफवा पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांनी कुणाला बोटही लावलं नव्हतं. प्रत्येकाचं दोन ग्रॅमच. देशभर अशा घटना झाल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे कंपनीलाही कळलं की दोष एकेका मेसेजपुरता नाही, तो वेगातही आहे.

जुनं नाव

मग याला म्हणायचं काय? माझ्या मते मराठीत जुना, खरा शब्द पडून आहे : ग्रामण्य. कुणी आचार मोडला की सगळ्यांनी मिळून त्याच्याशी व्यवहार बंद करायचा, पानाला पान लावू द्यायचं नाही, प्रायश्चित्त घेईपर्यंत छळायचं. थोडक्यात, वाळीत टाकायचं.

पुण्यातलं सगळ्यात गाजलेलं ग्रामण्य चहावरून झालं. १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हा घाट घालणाऱ्या गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्याने, हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. आजच्या भाषेत स्क्रीनशॉट. कुणी चहा प्यायला, कुणी नुसता कप हातात घेतला, याने फरक पडला नाही. यादीत नाव आलं की पुरे. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, आणि १८९२मध्ये रानड्यांसारख्या माणसाने प्रायश्चित्त घेतलं.

ग्रामण्य चांगलं होतं असं कोण म्हणेल? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा वेगळा कायदा केलाय. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तो शब्द प्रामाणिक आहे. त्यात ‘ग्राम’ आहे. हे बाहेरून आलं नाही, गावाने केलं, हे त्या शब्दातच कबूल आहे. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या जुनाट ग्रामण्यातसुद्धा चौकशी होती, म्हणणं ऐकून घेणं होतं आणि प्रायश्चित्तानंतर शेवट होता. आपल्याकडे तोही नाही. तुम्ही माफी मागा, व्हिडिओ करून मागा, हात जोडून मागा. त्या माफीची वेगळी रील होते आणि तिच्यावर वेगळं ग्रामण्य.

‘मग गरिबाने करायचं काय?’

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते वजनदार आहे. ताकदवान माणसाविरुद्ध साध्या माणसाकडे दुसरं आहेच काय? मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोघांना चिरडलं आणि अल्पवयीन आरोपीला ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा लोक एकत्र ओरडले नसते तर ससूनमधल्या रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल बाहेर आली असती का?

हा प्रश्न मी उडवून लावत नाही. एकत्र ओरडणं हा गुन्हा नाही. पण त्याचे दोन प्रकार आहेत, आणि फरक बघायला मला लांब जावं लागत नाही. आमच्या फाट्याजवळ टोलनाका आहे. तो हटवा म्हणून इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, २०२३मध्ये उपोषण झालं. वरसोली आणि सोमाटणे या दोन नाक्यांमधलं अंतर ६० किलोमीटरपेक्षा कमी आहे, हा त्यांचा मुद्दा. तुम्हाला तो पटो न पटो, त्यात चार गोष्टी दिसतात. बोलणाऱ्यांना नाव असतं. ज्याला विचारायचं त्याचा पत्ता बरोबर असतो : निर्णय घेऊ शकणारं सरकार, टोल घेणारी कंपनी. मागणी एका वाक्यात सांगता येते. आणि मागणी मान्य झाली की लोक घरी जातात.

नाव, पत्ता, मागणी, शेवट. निबंधाच्या जामिनाविरुद्धच्या संतापातही या चारही गोष्टी होत्या. आता हीच पट्टी आमच्या हॉटेलवाल्याला लावा. नावं? निम्मी टोपणनावं. पत्ता? पार्सलवाल्या पोरांना आडोसा न देणारी व्यवस्था सोडून एक गल्लेवाला. मागणी? काहीच नाही. "वाजवा" ही मागणी नसते. आणि मागणीच नसेल तर शेवट कसला होणार?

वीस झाले

साताठ महिन्यांनी माझी गाडी फाट्यावर पंक्चर झाली. पंक्चरवाल्याने अर्धा तास सांगितला, म्हणून शेजारच्या हॉटेलात शिरलो. पाटी नवी होती, नाव वेगळं होतं. गल्ल्यावरचा माणूस मात्र तोच. चहा चांगला होता. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून बोलणं निघालं. नाव का बदललं विचारलं, तर काकांनी रीलचं सांगितलं. मला माहीत नाही असं समजून सांगितलं.

"चुकलं होतं माझं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी त्या पोराला बोलावला, माफी मागितली. त्याला बरं वाटलं, च्या पिऊन गेला. बाकीच्यांची कुठं मागायची? ते राहत्यात कुठं?"

मग मुलीचं सांगितलं. ती बारावीला होती, वर्गाच्या ग्रुपवर रील पडली, तिने पंधरा दिवस कॉलेज सोडलं.

मी म्हटलं, "काका, मीपण टाकला होता एक." का म्हटलं कुणास ठाऊक. मोठेपणा नव्हता, आत मावलं नाही एवढंच. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं शिव्या देतील. कप उचलला आणि म्हणाले, "वीस झाले." मी पैसे दिले. त्यांनी परत काही विचारलं नाही.

बाहेर पार्सलची तीन पोरं उभी होती. पाऊस नव्हता, पण पुढच्या पावसाळ्यातही ती तिथेच भिजली, मी येता-जाता बघितली. आम्ही सगळ्यांनी त्या पोराच्या नावाने एवढा धुरळा उडवला, एका माणसाची पाटी उतरवली, एका मुलीचं कॉलेज सोडवलं. पण ज्याच्यासाठी म्हणून हे केलं, त्याला डोक्यावर दहा फुटांचा पत्रा मिळाला नाही. तशी मागणी आमच्यापैकी एकानेही केली नव्हती. ग्रामपंचायतीकडे नाही, पार्सल कंपनीकडे नाही, हॉटेलवाल्याकडेही नाही. केली असती तर मला वाटतं काकांनी स्वतःच्या पैशाने घातला असता.

मी माझा एक स्टार काढून टाकलाय. त्याने सरासरीत काही फरक पडला नाही.

‘ट्रोलधाड’ हा शब्द काही मरणार नाही, तो फार छान जमलाय. वापरा. पण तो फक्त समोरच्यांसाठी वापरू नका. पुढच्या वेळी ग्रुपवर लिंक पडेल आणि खाली कुणी ‘वाजवा’ लिहील, तेव्हा आपल्या आधी किती जण बोललेत ते मोजा, आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहून बघा. ते वाक्य लिहिता आलं तर ज्याच्या हातात ते आहे त्याला, आपल्या नावानिशी पाठवा. लिहिता आलं नाही तर मागच्या पायांना काय घासतंय ते बघा.